खिंड आधी बांधा, पन्हाळा नंतर

पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन गेम जॅममध्ये, म्हणजे दिलेल्या थीमवर ठरलेल्या मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमात, आम्ही तिघं मित्र भाग घेतो. मी गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये कोड लिहितो, एक जण चित्रं काढतो आणि तिसरा आवाजाचं बघतो. तो हलगी फार छान वाजवतो. पण आजवर आमचा एकही गेम पुरा झालेला नाही. मागच्या जॅमची थीम होती 'थोपवून धरा'. आम्ही पावनखिंड घेतली. पन्हाळ्याचा वेढा, दोन पालख्या, मसाईचं पठार, पाऊस, सगळं ठरवलं होतं. रविवारी रात्री पालखी चालत होती, पाऊस पडत होता, पण खिंड आलीच नाही. अपलोडही केलं नाही. चित्रं काढणारा मित्र नाराज आहे, कारण त्याची निम्मी चित्रं वापरलीच गेली नाहीत. वडील म्हणतात, "दोन दिवस खोलीतनं बाहेर येत नाहीस आणि दाखवायला काहीच नाही." पुढच्या आठवड्यात परत जॅम आहे. या वेळी दोन्ही रात्री जागायची तयारी आहे. आमचं नेमकं कुठं चुकतंय? का हे आमच्या आवाक्यातलंच नाही?

उत्तर

आवाक्यातलं आहे, आणि त्यासाठी एकही रात्र जागायची गरज नाही. दोन दिवसांत पालखी चालवून वर पाऊस पाडणाऱ्या पोरांना काम येत नाही असं कोण म्हणेल? तुम्ही गोष्ट जिथून सुरू होते तिथून गेम बनवायला घेतलात, सगळी गडबड त्यात आहे. थीम होती 'थोपवून धरा'. थोपवून धरायची जागा म्हणजे खिंड. आणि नेमकी तीच तुम्ही शेवटाला ठेवलीत.

गोष्ट सांगताना आपण पन्हाळ्यापासून सुरुवात करतो ते बरोबरच आहे. सिद्दी जौहरचा वेढा माहीत नसेल तर ऐकणाऱ्याला खिंडीचं मोल कळत नाही. गेम बनवताना मात्र तो क्रम सोडायचा. जुलै १६६० च्या त्या रात्रीत वेढा आहे, शिवा काशीदांची पालखी आहे, मसाईच्या पठारावरची धावपळ आहे. पण खेळणाऱ्याच्या बोटांना त्यात काय काम? पालखी चालते, तो बघत बसतो. खिंडीत मात्र सगळं आयतं मिळतं: एक अरुंद वाट, वाट अडवून उभा असलेला माणूस, एकाच बाजूनं येणारा शत्रू, आणि विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत टिकायचं. हरायची अट आहे, जिंकायची अट आहे, आणि सगळं एकाच स्क्रीनवर मावतं. कॅमेरा हलवायला नको, नकाशा नको, दुसरी लेव्हल नको. इतका नेटका गेम त्या गोष्टीत तयारच होता. तुमच्या हातून तो निसटला याचं मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून पहिलं सांगते. गेमचा शेवट शनिवारी दुपारी जेवायच्या आत बनवायचा. शेवट म्हणजे हरल्याची पाटी, जिंकल्याची पाटी आणि 'पुन्हा खेळा'चं बटण. बहुतेक पोरं हे तीन तुकडे रविवारी रात्रीसाठी ठेवतात, कारण ते सोपे वाटतात. सोपे आहेतच. पण ते नसतील तर हातात गेम नसतो, नुसती हलणारी चित्रं असतात. आपल्याकडं कुस्ती निकाली लागली नाही तर मैदानातली माणसं घरी जाताना कशी चुटपुटत जातात ते तुला सांगायला नको. गेमचंही तसंच आहे.

हे कसं करायचं ते खिंडीवरच दाखवते. एक निळा चौकोन म्हणजे बाजीप्रभू. लाल चौकोन म्हणजे शत्रू. दर दोन सेकंदांनी उजव्या कडेला एक लाल चौकोन उगवतो आणि डावीकडं सरकत येतो. स्पेस दाबली की निळ्याच्या पुढ्यात क्षणभर एक पट्टी येते. ती ज्या लालला लागेल तो गेला. लाल चौकोन डाव्या कडेला पोचला की हरलात. नव्वद सेकंद टिकलात की तोफ वाजली. गोडोत याला दोन टायमर लागतात, एक शत्रू सोडायला आणि एक तोफेला. तुला हे सगळं तीन-चार तासांत जमेल. चित्र एक नाही, आवाज एक नाही, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळता येतं.

मग तिघांनी बसून ते चौकोन खेळा. इथं घाई नको. दोन सेकंदांऐवजी दीड केले तर काय होतं? पट्टीची लांबी थोडी कमी केली तर? शत्रू सारख्याच वेगानं येतात की अधूनमधून एखादा पळत येतो? चौकोनांनी खेळताना मजा येत नसेल तर चित्रं घातल्यावरही येणार नाही, हे पक्कं धरून चाला. आणि मजा येत असेल तर पुढच्या दीड दिवसात तुम्ही जे काही घालाल ते वाढीव. वीज गेली, पाहुणे आले, कोणाला ताप आला, तरी गेम हातात आहे.

शनिवारचं दुसरं काम अपलोडचं. हो, शनिवारीच. चौकोनांचाच गेम इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर ड्राफ्ट म्हणून चढवून बघायचा. ड्राफ्ट लोकांना दिसत नाही, त्यामुळं लाजायचं कारण नाही. जॅममध्ये बरेच जण डाउनलोड करून खेळत नाहीत. लिंक उघडली आणि ब्राउझरमध्ये चाललं तर खेळतात. म्हणून वेब एक्स्पोर्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात गेम बाहेर काढणं, हवाच, आणि पहिल्या वेळेला तो हमखास कुठंतरी अडतो. गोडोच्या एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स वेगळ्या उतरवाव्या लागतात, त्या मोठ्या असतात, आणि इंजिनची जी आवृत्ती असेल अगदी त्याच आवृत्तीच्या लागतात. ते जॅमच्या आदल्या दिवशीच उरकून ठेव. गोडो ४.३ पासून थ्रेडशिवाय वेब एक्स्पोर्ट करता येतो, तेव्हा थ्रेडचा पर्याय बंद आहे ना ते बघ. एक्स्पोर्ट केलेल्या मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असावं लागतं आणि झिप उघडल्यावर ती लगेच समोर दिसली पाहिजे, आतल्या फोल्डरात नको. इचच्या पानावर ही फाइल ब्राउझरमध्ये खेळायची आहे अशी खूण करायची असते, ती राहून गेली तर लोकांना नुसती झिप दिसते.

आणखी एक फार छळणारी गोष्ट. चित्रकार मित्रानं फाइलला 'मावळा' हे नाव इंग्रजी मोठ्या एमनं दिलं आणि तू कोडमध्ये लहान एम लिहिलास, तर विंडोजवर सगळं सुरळीत चालतं. वेबवर ते चित्र सापडत नाही. रविवारी रात्री साडेअकराला हे कळलं तर माणूस कोडमध्ये बग शोधत बसतो, आणि बग तिथं नसतोच. त्यामुळं सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यायची, हे तिघांनी पहिल्याच तासात ठरवून टाका. आवाजाचंही एक सांगते. खेळणाऱ्यानं पानावर एकदा क्लिक केल्याशिवाय किंवा बटण दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. त्यामुळं गेम थेट सुरू न करता पहिल्या स्क्रीनवर 'सुरू करा'चं बटण ठेव.

आता तुझ्या चित्रकार मित्राबद्दल, कारण माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. त्यानं दोन दिवस मान मोडून काढलेली चित्रं फोल्डरमध्ये पडून राहिली. परत एकदा असं झालं तर तो पुढच्या वेळी येणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. त्याला शुक्रवारी कामं सांगताना "मावळे, शत्रू, पालखी, किल्ला, झाडं" अशी यादी देऊ नकोस. मोजकं सांग: मावळा, बत्तीस बाय बत्तीस पिक्सेल, उभा आणि मारताना, अशी दोनच चित्रं. शत्रूचीही दोनच. मागं खिंडीचं एक चित्र. बास. तू चौकोन जुळवत असताना तो एवढं काढेल, आणि शनिवारी संध्याकाळी चौकोनांच्या जागी ती चित्रं बसतील. त्याचं काम त्याला लगेच हलताना दिसेल. त्यानंतर वेळ उरला तर तिसरं चित्र, चौथं चित्र, प्रत्येक वेळी आधी काढलेलं गेममध्ये बसल्यावरच पुढचं. न वापरलेलं चित्र एकापेक्षा जास्त कधी साठू द्यायचं नाही. आणि गोडोची एकच सीन फाइल दोघांनी एकाच वेळी उघडून बदलू नका. कोडमधले बदल जुळवणारं गिट वापरत असाल तरी ती गुंतवळ सोडवण्यात तास जातो.

हलगीवाल्या मित्राचं मला भारी कौतुक वाटलं. जॅममधल्या कितीतरी गेममध्ये एकाच धाटणीचे कृत्रिम आवाज असतात. त्यात वाईट काही नाही. एसएफएक्सआर नावाचं आवाज बनवायचं छोटं साधन २००७ च्या डिसेंबरात लूडम डेअर या जॅमसाठीच लिहिलं गेलं, भाग घेणाऱ्यांना चटकन आवाज मिळावेत म्हणून, आणि आजही ते उपयोगी पडतं. पण तुमच्याकडं हलगी आहे! खोलीची दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, फोन हलगीपासून चार-पाच हात लांब ठेवा म्हणजे आवाज फाटणार नाही. आठ मात्रांचा एकच तुकडा तीन लयींत वाजवून घ्या: संथ, मध्यम, घाईची. एकच रेकॉर्डिंग कोडमधून पिच वाढवून जलद करायचा मोह होईल, पण तसं केलं की आवाजाची पट्टीही चढते आणि हलगी खेळण्यातली वाटायला लागते. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे नेमके मात्रेवर कापा, ओजीजी प्रकारच्या फाइलमध्ये काढा, गोडोच्या इम्पोर्टमध्ये लूप चालू करा. पहिली तीस सेकंदं संथ, मग मध्यम, शेवटच्या तीस सेकंदांत घाईची. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायला एवढं पुरेल.

फटका लागल्याचं जाणवलं पाहिजे, त्यावर रविवारची सकाळ घाला. पट्टी शत्रूला लागली त्या क्षणी गेम तीन फ्रेम गोठवायचा. साठ फ्रेमच्या हिशेबानं ते सेकंदाचा विसावा भाग होतात. शत्रू त्या तीन फ्रेम पांढराफटक दिसू दे, हलगीवरची एक थाप वाजू दे, स्क्रीन दोन-चार पिक्सेल हलू दे, मग शत्रू मागं फेकला जाऊ दे. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण करून बघ. मघाशी जो चौकोन नुसता नाहीसा होत होता, तोच आता घाव खाऊन पडतो. नवी पाच शस्त्रं घालण्यापेक्षा या तीन फ्रेमनी गेम कितीतरी पटीनं चांगला होतो. जिंकल्यावर मात्र नाचरी अक्षरं, फटाके असलं काही घालू नका. तोफ वाजली की हलगी तोडा, शत्रू थांबवा, मागं नुसता पाऊस राहू दे आणि दोन सेकंदांनी पाटी आणा. त्या प्रसंगाची आब राखायची असेल तर एवढंच पुरे. तुमचा पाऊस तर आधीच तयार आहे.

रविवारी दुपारी बारानंतर नवीन काही घालायचं नाही. कितीही सुचलं तरी वहीत लिहून ठेवायचं. दुपारी मटणाचं जेवण असेल तर खाली जाऊन सगळ्यांबरोबर नीट बसून जेव. ताट खोलीत मागवू नकोस. एक तर घरच्यांना तू दिसशील, आणि दुसरं म्हणजे जेवून आल्यावर घरातल्याच कोणाला तरी गेम खेळायला बसवता येईल. ज्यानं तो आधी बघितलेला नाही असं माणूस हवं: बहीण, शेजारचा पोरगा, वडील तयार झाले तर उत्तमच. आणि त्यांच्या बाजूला तोंड मिटून बसायचं. "अगं, स्पेस दाब ना!" असं म्हणायचं नाही. त्यांची बोटं बघ. बाणाची बटणं दाबून दाबून कंटाळली आणि स्पेस दाबलीच नाही, तर सुरुवातीच्या स्क्रीनवर स्पेसचं चित्र काढायला पाहिजे. मावळा शत्रू सोडून डावीकडं पळत स्क्रीनबाहेर गेला आणि परत आलाच नाही, तर तिथं भिंत पाहिजे. पहिल्या वीस सेकंदांत तीनदा हरली, तर सुरुवात अवघड झाली आहे. तुम्ही तिघांनी तो दोन दिवस खेळलेला असतो, तुमचे हात सरावलेले असतात, म्हणून तुम्हाला तो सोपा वाटतो. तुमच्या अंदाजापेक्षा थोडा सोपा ठेवा. खेळणारा पंधरा-वीस गेममधला एक म्हणून तुमचा उघडतो, अडला की पुढच्याकडं जातो.

जागरणाचं एका वाक्यात सांगते: शनिवारी रात्री बारा ते सात झोपा. पहाटे चारला लिहिलेला कोड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निस्तरत बसावा लागतो. डोकं अगदीच चालेनासं झालं तर रंकाळ्यावर एक फेरी मारून या, पण तिथं नवी लेव्हल ठरवून परत येऊ नका. शेवटचा अपलोड मुदत संपायच्या निदान तीन तास आधी करा. शेवटच्या तासाला सगळेच धावतात आणि साइट रेंगाळते. मुदत युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिली असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका. फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा.

एवढ्याशा गेमला कोण विचारतं, असं मनात आलं असेल तर दोन उदाहरणं देते. 'सेलेस्टे' हा गाजलेला गेम २०१८ मध्ये आला. त्याचं पहिलं रूप दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत केलं होतं, तेही पिको-८ या मुद्दाम मर्यादा घातलेल्या छोट्या गेम-साधनावर, जिथं सगळी स्क्रीन १२८ बाय १२८ पिक्सेलची आणि रंग सोळा. उडी, भिंतीवरून उडी आणि हवेतली एक झेप, एवढ्यावर तो उभा होता. 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये तयार झाला आणि पूर्ण गेम होऊन २०१९ मध्ये आला. दोन्हीकडं मोठा गेम नंतर आला, वेळ घेऊन आला. आधी होती ती एक पुरी झालेली छोटी गोष्ट, लोकांनी खेळून आवडली म्हणून सांगितलेली. तुमचा पन्हाळा, पालख्या, मसाईचं पठार यांना तसाच वेळ मिळू शकतो. सुट्टीत, सावकाश. आधी खिंड उभी राहू दे.

आणि म्हणूनच पुढच्या जॅमची वाट बघू नकोस. त्याची थीम वेगळी असेल, तेव्हा तिथं खिंड चालेलच असं नाही. या आठवड्यातली एक संध्याकाळ काढ, मागच्या जॅमचं फोल्डर उघड आणि आत्ता सांगितला तो नव्वद सेकंदांचा गेम चौकोनांनी बांध. मग मित्राची ती पडून राहिलेली चित्रं काढ. त्यात मावळा असणारच, शत्रू असणार, खिंडीचं चित्रही असेल तर फारच छान. ती बसव, पाऊस लाव, हलगी लाव, आणि इचवर चढव. जॅम संपला असला तरी तुमचं पान तुम्ही कधीही करू शकता. यात दोन गोष्टी होतील. अपलोडची वाट एकदा पायाखालून जाईल, म्हणजे जॅमच्या वेळी टेम्प्लेट, झिप, फाइलींची नावं यात तुम्ही अडकणार नाही. आणि मित्राची चित्रं कोणीतरी खेळेल. ती लिंक आधी त्याला पाठव, त्याचं नाव पानावर तुझ्या नावाआधी घालून. वडिलांच्या फोनवर लिंक पाठवू नकोस, स्पेसचं बटण तिथं नाही. त्यांना लॅपटॉपसमोर बसव.

जॅम झाल्यावर आणखी एक काम उरतं: दुसऱ्यांचे गेम खेळून त्यांना चार ओळी लिहिणं. लूडम डेअरमध्ये निकालात गुण दिसायला किमान वीस जणांचं मत मिळावं लागतं, आणि जे दुसऱ्यांचे खेळतात त्यांचेच गेम लोक शोधून खेळतात. सोमवार-मंगळवारी कॉलेजातून आल्यावर तिघांनी रोज पाच-पाच खेळा. "छान आहे" एवढंच लिहू नका. कुठं हसलात, कुठं अडलात ते लिहा.

खिंडीची लिंक मलाही पाठव. मी कीबोर्डवर खेळीन, आणि कितव्या सेकंदाला पडले ते कळवीन.